त्रेचाळीस, एकेचाळीस, सेहेचाळीस

सगळा घोळ त्या बोरन्हाणाने झाला असं मी अजूनही म्हणते आणि घरातलं कोणी मला त्यावर उलट बोलत नाही, कारण बोरन्हाण करायचंच हा हट्टही माझाच होता. संक्रांत झाली, रथसप्तमीच्या आत एक रविवार मोकळा मिळाला, लेक पाच महिन्यांची, काळं झबलं आधीच आणून ठेवलेलं, हलव्याचे दागिने तुळशीबागेतून. पाटावर तिला मांडीत घेऊन बसले, डोक्यावरून चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, तिळगूळ आणि हल्लीच्या रिवाजाप्रमाणे चॉकलेटं ओतली, आणि सोसायटीतली बारा-पंधरा पोरं सांडलेलं गोळा करायला तुटून पडली. फोटो फार गोड आलेत. त्यातल्या एका फोटोत बी विंगमधला चार वर्षांचा एक मुलगा आमच्या ठमीच्या गालाची पापी घेतोय आणि त्याच्या नाकाखाली, झूम केलं तर, दोन चकचकीत धारा आहेत. मी तो फोटो झूम करून पाहिला तेव्हा मंगळवारची रात्र होती, दोन वाजले होते आणि मला कोणावर तरी खापर फोडायचं होतं.

(ठमी हे घरातलं नाव. पत्रिकेतलं नाव चार अक्षरी आणि भारदस्त आहे, ते ती शाळेत गेली की वापरू.)

तशी शिंका ती जन्मल्यापासून देतेय. हॉस्पिटलमध्ये असतानाच मी घाबरून सिस्टरना विचारलं होतं, त्या म्हणाल्या बाळं शिंकतातच, नाक मोकळं करायची त्यांची तीच रीत. त्यामुळे मंगळवारी संध्याकाळी लागोपाठ पाच-सहा शिंका आल्या तरी मी ढिम्म. रात्री दहाला पाजायला घेतलं तर चार घोट प्यायली आणि सोडलं, रडली, परत लावलं, परत चार घोट, परत सोडलं, आणि ह्या वेळी रडताना नाकातून एक फुगा आला. चांगला लिंबाएवढा. आणि फुटला. मला आधी हसू आलं आणि पुढच्याच सेकंदाला पोटात गोळा, कारण तिला भूक होती, मला दूध होतं, आणि तिला पिता येत नव्हतं.

हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. लसींचं सांगितलं, ढेकर काढायचं सांगितलं, टाळूची काळजी घ्यायचं तर अख्ख्या खानदानाने सांगितलं, पण बाळाचं नाक चोंदलं की बाळ उपाशी राहतं हे नाही. लहान बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात. त्यांचं स्वरयंत्र आपल्यापेक्षा घशात बरंच वर असतं, म्हणून तर तोंडाने दूध ओढता ओढता नाकाने श्वास चालू ठेवायचं कौतुक त्यांना जमतं, जे आपल्याला आता पाण्याच्या घोटालाही जमत नाही. पण तोच रस्ता बंद झाला की एक तर पी नाहीतर श्वास घे, दोन्हीपैकी एकच. आपल्याला सर्दी झाली की आपण तोंड उघडं टाकून झोपतो, सकाळी घसा कोरडा पडतो, एवढंच. तिला ते तोंड उघडणं पटकन सुचतच नाही. घुसमटते, मग रडते, रडताना तोंड उघडतं, हवा मिळते, शांत होते, तोंड मिटतं, परत घुसमटते. रात्रभर हेच.

मी शिकलेली बाई आहे, बँकेत कर्जाच्या फायली तपासते, लोक मला गंडवू शकत नाहीत असा माझा स्वतःबद्दल समज आहे. त्या रात्री मी दोन ते चारच्या दरम्यान फोनवर जे जे वाचलं त्याने माझ्या मुलीला किमान सहा जीवघेणे आजार झाले होते.

सकाळी सासूबाई उठल्या तेव्हा त्यांनी एका नजरेत ओळखलं. त्या मूळच्या सांगली जिल्ह्यातल्या, आटपाडीकडच्या. बाळंतपण माझ्या माहेरी झालं, तिसऱ्या महिन्यानंतर मी पुण्यात आले तेव्हापासून त्या आमच्याकडे आहेत. त्यांनी ठमीला उचललं, छातीला कान लावला, म्हणाल्या, ‘‘घरघर हाय. नाकातलीच दिसतीय. काल तू दही खाल्लंस न्हवं?’’

तर हे दही. आईने दही खाल्लं की ते दुधातून उतरतं आणि बाळाला सर्दी होते, केळं खाल्लं की कफ होतो, संत्रं तर बघायचंसुद्धा नाही. मी म्हटलं, ‘‘आई, सर्दी विषाणूने होते, दह्याने नाही.’’ त्या म्हणाल्या, ‘‘बरं.’’ हे ‘बरं’ मला चांगलं ओळखता येतं आता. त्याचा अर्थ, तू म्हण काय म्हणायचं ते, पण आजपासून दही बंद. दहा मिनिटांनी माझ्या आईचा व्हिडिओ कॉल आला, तिला मी बाळ दाखवलं आणि तिचं पहिलं वाक्य काय असावं, ‘‘केस धुऊन ओल्या केसांनी पाजलंस का गं तू?’’ दोन विहिणी एरवी कुठल्याच गोष्टीवर एकमताने बोलत नाहीत. माझी चूक आहे ह्यावर मात्र त्यांचं एकमत झालं, कारणं तेवढी वेगवेगळी.

मग सुरू झाले उपाय. ओवा तव्यावर भाजून सुती फडक्यात बांधलेली पुरचुंडी, ती आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघायची आणि मग छातीजवळ, पाठीजवळ धरायची. ह्याला माझी ना नव्हती. वास तर इतका छान येतो की मीच ती नाकाशी धरून बसले थोडा वेळ. सहाणेवर वेखंड उगाळून टाळूला लावलं. चालेल. मग त्या म्हणाल्या धुरी देऊ या. फ्लॅटमध्ये निखारे कुठून आणणार, तर त्यांनी नारळाची करवंटी थेट गॅसवर पेटवली, धुपाटण्यात टाकली, वरून ओवा, बाळंतशेपा, वावडिंग, आणि हॉलभर असा धूर झाला की मलाच खोकला आला. इथे मी पहिल्यांदा आवाज चढवला. जिला आधीच श्वास घेता येत नाहीये तिला धुरात कशाला धरायचं? त्यांनी काही न बोलता धुपाटणं गॅलरीत नेऊन ठेवलं. नंतर डबीतून कापूर काढून खोबरेल तेलात घालायला लागल्या तेव्हा परत मी, आई, कापूर नको, लहान मुलांच्या पोटात गेला किंवा अंगातून शोषला गेला तर झटके येऊ शकतात. मग मध. मध वर्षाच्या आत चाटवायचाच नाही, त्यात एका जिवाणूची बीजं असू शकतात, आपल्याला काही होत नाही पण एवढ्या लहान आतड्यात ती रुजतात आणि विष तयार करतात, अंग लुळं पडतं. तेव्हा मात्र त्या सोफ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, ‘‘मग करायचं तरी काय आम्ही? नुसतं बघत बसायचं?’’

मला ते लागलं, कारण माझाही प्रश्न तोच होता. फक्त मी तो गूगलला विचारत होते.

नवऱ्याची तऱ्हा तिसरीच. तो ऑफिसला जाताना ‘बघतो काहीतरी’ म्हणाला आणि खाली जाऊन कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून सर्दीचं सिरप घेऊन वर आला. गुलाबी रंगाचं, पेटीवर हसणाऱ्या बाळाचं चित्र नव्हतं पण असल्यासारखं वाटत होतं. मेडिकलवाल्याने वय विचारलं का? तो म्हणे, ‘‘लहान बाळ आहे म्हणालो मी, तो म्हणाला अर्धा चमचा द्या.’’ मी पेटी हातात घेतली, बारीक अक्षरं वाचायला फोनचा कॅमेरा लावला (कर्जाच्या फायलींची सवय) आणि तिथे छापलेलं होतं की चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये. त्यात सर्दीच्या औषधांचं जे मिश्रण होतं त्याच्या पेट्यांवर हे छापायला लावलंय २०२३ च्या डिसेंबरपासून, आणि तरी ते अर्धा चमचा म्हणून पाच महिन्यांच्या बाळासाठी काउंटरवरून सरकवलं गेलं. नवऱ्याचा चेहरा पडला. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्यातली ती पोरं, विषारी भेसळीचं खोकल्याचं औषध पिऊन किडन्या निकामी होऊन गेली, त्या बातम्या आम्ही दोघांनी ठमी मांडीवर असतानाच वाचल्या होत्या. त्यानंतर केंद्राच्या आरोग्य खात्यानेही सांगितलं होतं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्या-सर्दीची सिरपं लिहूच नका. हे सगळं आम्हाला माहीत होतं. पण रात्रभर झोप नाही झाली की माहीत असलेलं कुठल्या कुठे जातं, आणि हातात बाटली आली की माणसाला बरं वाटतं, आपण काहीतरी केलं असं. त्याला मी रागावले नाही. म्हणजे रागावले, पण धुपाटण्याएवढी नाही.

बुधवारी अकरा वाजता डॉक्टरकडे. आमच्या डॉक्टर मॅडम कमी बोलतात. वजन केलं, सहा किलो चारशे. कान पाहिले, घसा पाहिला, झबलं वर करून काहीच न करता नुसत्या पोटाकडे बघत राहिल्या, बराच वेळ, हातातल्या घड्याळावर नजर. मला वाटलं काहीतरी भयंकर दिसलं. मग स्टेथो लावला. आणि म्हणाल्या, ‘‘साधी सर्दी आहे. छाती स्वच्छ आहे.’’

‘‘औषध?’’

‘‘नाही.’’

मी अजून वाट बघत होते. त्यांनी कागदावर एकच ओळ लिहिली, मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब. दूध पाजायच्या आधी पाच-दहा मिनिटं, दोन्ही नाकपुड्यांत, मग मऊ झालेला शेंबूड हलकेच ओढून काढायचा, दर वेळेला नाही, फारच चोंदलं असेल तर. थोडं थोडं पण जास्त वेळा पाजा. पाळण्यात उशी देऊन डोकं उंच करू नका, जागी असताना खांद्यावर उभी धरा. वाफारा द्यायचा नाही, गरम पाण्याने मुलं भाजून येतात दर थंडीत. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, चार दिवसांनी शेंबूड हिरवा-पिवळा होईल तेव्हा मला फोन करून अँटिबायोटिक मागू नका. ताप आला तर पॅरासिटामॉल, पण वजनाच्या हिशेबाने आणि मला विचारून, आणि घरात थेंबांची बाटली असेल तर सिरपच्या चमच्याने मापू नका, थेंबांत एका मिलिलिटरला शंभर मिलिग्रॅम असतं, सिरपच्या बाटलीत पाच मिलिलिटरला सव्वाशे. ह्या घोळात कितीतरी जण चौपट औषध देऊन मोकळे होतात. हे मात्र त्या दोनदा म्हणाल्या.

मी विचारलं, मग घाबरायचं कधी? तर त्या म्हणाल्या, ‘‘मोजायचं.’’ ती शांत असताना किंवा झोपलेली असताना झबलं वर करायचं, पूर्ण एक मिनिट श्वास मोजायचे, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण बाळांचा श्वास एका लयीत नसतो. दोन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर साठ किंवा जास्त, दोन महिने ते वर्षापर्यंत पन्नास किंवा जास्त, म्हणजे न्यूमोनियाची शंका, घेऊन यायचं. बरगड्यांखालचा भाग श्वासागणिक आत ओढला जात असेल, कण्हल्यासारखा आवाज येत असेल, दूध पीतच नसेल, ओठ निळसर दिसले तर आकड्याची वाट न बघता, रात्रीचे कितीही वाजले तरी. आणि तीन महिन्यांच्या आतलं बाळ असतं तर नुसता १००.४ ताप आला तरी मी थेट हॉस्पिटलमध्ये पाठवलं असतं, तुमची पाच महिन्यांची आहे, नशीब.

फी दिली आणि बाहेर आले तर एवढ्याशा प्लास्टिकच्या बाटलीतलं मीठपाणी हातात. सासूबाई गाडीत काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर म्हणाल्या, ‘‘एवढी शिकलेली बाई, पर पोटाकडं बघितलं बघ तिनं. हुशार हाय.’’

थेंब घालणं हा एक स्वतंत्र कुस्तीचा प्रकार आहे. एकाने डोकं धरायचं, एकाने हात, तिसऱ्याने थेंब, आणि ते साडेसहा किलोचं प्रकरण असलं काही उसळतं की तीन मोठी माणसं घामाघूम. आणि मग ते शेंबूड ओढायचं यंत्र, नळीचं एक टोक तिच्या नाकपुडीशी, दुसरं माझ्या तोंडात, मध्ये फिल्टर. ऑनलाइन मागवलं तेव्हा मला स्वतःचीच किळस आली होती. सासूबाईंनी ते निरखून पाहिलं आणि खो खो हसायला लागल्या, मी बावचळले. तर म्हणे, ‘‘अगं, आमी तोंड लावूनच ओढायचो की! नाक तोंडात धरायचं, ओढायचं, थुकायचं. ह्याला किती रुपय दिलंस?’’ मी आकडा सांगितला नाही.

बुधवारची रात्र सगळ्यात वाईट होती. दुसरी-तिसरी रात्र सर्दीची सगळ्यात वाईटच असते हे मला आता माहीत आहे, तेव्हा वाटलं की हे असंच वाढत जाणार. अंग थोडं कोमट, थर्मामीटरवर ९९.६. दीड वाजता ती माझ्या खांद्यावर झोपली आणि मी तिला खाली ठेवून झबलं वर केलं, फोनवर स्टॉपवॉच लावलं आणि मोजायला लागले. एक, दोन, तीन... पोट वर-खाली. अठराच्या आसपास ती थांबली. श्वासच थांबला. मी पण थांबले. पाच सेकंद असतील, आठ असतील, मला ते पूर्ण वर्ष वाटलं, मग भराभर चार-पाच श्वास घेतले आणि परत आपली चालू. एवढ्या लहान बाळांचा श्वास असा मधेच क्षणभर अडतो, पुढे भराभर चालतो, ते पहिल्या काही महिन्यांत नॉर्मल आहे, डॉक्टरांनी सांगितलंही होतं, पण माझा आकडा गेला. परत सुरू केलं. सत्तावीसपर्यंत आले आणि तिने हात झटकला. परत. तिसऱ्यांदा बेचाळीस आले का बावन्न ह्याचाच मला पत्ता नाही, कारण मधे मी चाळीसनंतर एकेचाळीसच्या जागी एकावन्न म्हटलं असावं अशी शंका आली, मराठीत हे आकडे मेले सगळे सारखेच वाजतात रात्री दोन वाजता. मी रडायला लागले. नवरा शेजारी घोरत होता, त्याला मी उठवलं असतं तर तोही मोजायला लागला असता इंग्रजीत, आणि आमचं भांडण झालं असतं.

दार ढकलून सासूबाई आल्या. त्यांना झोप कुठे होती. मी म्हटलं आई, मोजताच येईना मला. त्यांनी विचारलं किती मोजायचं? मी सांगितलं, मिनिटभर, पन्नासच्या आत पाहिजे. त्यांनी पदराखालून गळ्यातली जपाची माळ काढली, तुळशीची, १०८ मण्यांची. म्हणाल्या, ‘‘तू घड्याळ बघ. मी पोट बघती.’’

मग आम्ही दोघी. नाइट लॅम्पच्या पिवळ्या उजेडात मी फोनच्या आकड्यांकडे बघत होते आणि त्या तिच्या पोटाकडे, एक श्वास एक मणी. तोंडाने काही नाही. मिनिट झालं, मी ‘झालं’ म्हटलं, त्यांनी बोटात मणी धरून ठेवला आणि मग मागून मोजले, दोघींनी, सावकाश. त्रेचाळीस. दहा मिनिटांनी परत. एकेचाळीस. मग तिने कूस बदलली, थोडं रडली, शांत झाल्यावर परत. सेहेचाळीस. मला भीती वाटली वाढतायत म्हणून, त्या म्हणाल्या आत्ता रडलीय, थांब जरा. परत, बेचाळीस.

मधल्या वेळात त्या बोलायला लागल्या, हळू आवाजात, एरवी दिवसा नाही बोलत एवढं. त्यांच्या लहानपणी त्यांच्या धाकट्या भावाला ‘डबा’ झाला होता. लहान बाळाचं पोट उडायला लागलं, श्वास भराभर चालायला लागला की गावाकडे म्हणायचे डबा झाला. ‘‘आई रातभर त्याला उभा धरून बसलेली. आन् मी समई धरून. मी आठ-नऊ वर्षांची असंन. ती म्हणायची पोट उडतंय का बघ गं, मी बघायची, उडतंय म्हणायची. मग बिब्बा घातला त्याला पोटावर. लय रडलं ते.’’ मी विचारलंच नाही पुढे काय झालं, मला ऐकायचं नव्हतं. त्यांनाच हसू आलं. ‘‘अगं तो सदामामा! तुझ्या लग्नात पंगतीला सगळ्यात जास्त जिलब्या खाल्लेला! त्याच्या पोटावर अजून खूण हाय बिब्ब्याची.’’ सदामामा एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेत आणि त्यांचं पोट आता कुठल्याही बाजूने आत ओढलं जाण्यासारखं उरलेलं नाही. पण बिब्ब्याने ते वाचले असं त्या म्हणाल्या नाहीत, हे मी नोंदवून ठेवलं. म्हणाल्या, ‘‘त्याचं आयुष्य होतं. शेजारचं न्हाई वाचलं. त्यालाबी बिब्बाच घातलेला.’’

म्हणजे डॉक्टर मॅडम ज्याच्याकडे घड्याळ लावून बघत होत्या ते ही आठ वर्षांची मुलगी समईच्या उजेडात बघत होती. उडतंय का. फक्त उडतंय हे कळल्यावर पुढे करायला तिच्या आईकडे बिब्बा होता आणि आपल्याकडे वीस मिनिटांवर हॉस्पिटल आहे. मेळघाटातून अजूनही तान्ह्या बाळांच्या पोटावर डाग दिल्याच्या बातम्या येतात, त्या वाचून आपण पेपर बाजूला ठेवतो आणि काय अडाणी लोक म्हणतो. मीही म्हटलंय. त्या रात्रीनंतर नाही म्हणवत मला तसं, म्हणजे डाग देणं भयंकरच आहे, त्यात दोन मतं नाहीत, पण रात्री दोन वाजता हातात काही नसलेली आई काय काय करू शकते ते मी धुपाटण्यापासून गुलाबी सिरपपर्यंत माझ्याच घरात एका दिवसात बघितलं.

ही माळेची गोष्ट मी नंतर एका मैत्रिणीला सांगितली, ती सार्वजनिक आरोग्यात काम करते. ती म्हणाली अगं, हे तर गडचिरोलीत कधीच झालंय. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग ह्यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बालन्यूमोनियावर काम केलं, गावातल्याच माणसांना आणि दायांना न्यूमोनिया ओळखायला आणि गावातच अँटिबायोटिक द्यायला शिकवलं. खूण तीच, भराभर चालणारा श्वास. पण ज्या दाईला पन्नासपर्यंत मोजताच येत नाही तिने कसं ओळखायचं? तर त्यांनी तिच्यासाठी मणी सरकवायचं एक साधन बनवलं, सोबत एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ. एक श्वास, एक मणी. वाळू संपायच्या आत ठरलेल्या मण्यांच्या पुढे गेलं तर औषध. आकडे यायची गरजच नाही. त्या भागात न्यूमोनियाने जाणाऱ्या मुलांचं प्रमाण साधारण निम्म्यावर आलं, १९९० साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. मी हे सगळं सासूबाईंना सांगितलं, मला वाटलं त्यांना केवढं कौतुक वाटेल आपल्याला सुचलं तेच मोठ्या डॉक्टरांना सुचलं म्हणून. त्या म्हणाल्या, ‘‘मग दुसरं कशानं मोजणार?’’

शुक्रवारी शेंबूड हिरवा झाला. मी फोन नाही केला. अंगठा दोनदा नंबरपर्यंत गेला, पण नाही केला. शनिवारी मला सर्दी झाली, कणकण, घसा, सगळं, आणि मी मास्क लावून पाजायला लागले तर ती मास्ककडे बघून भोकाड पसरायची, मग मास्क काढला, जे व्हायचं ते होऊन गेलंय म्हटलं, आणि तसंही दूध बंद करायचं कारण नसतं, उलट माझ्या शरीराने बनवलेला बंदोबस्त दुधातून तिलाच मिळतो. सोमवारी नवऱ्याला झाली. त्याला झालेली सर्दी ही घरातली सगळ्यात गंभीर सर्दी होती हे सांगायला नको, त्याने दोन दिवस रजा घेतली. त्याला मात्र सासूबाईंनी मनसोक्त धुरी दिली, मध चाटवला, कापराचं तेल चोळलं, काढा पाजला. राहिलेलं सगळं सामान त्याच्यावर वापरून टाकलं. तो दोन दिवसांत ठणठणीत झाला आणि त्या माझ्याकडे बघून काही म्हणाल्या नाहीत, नुसतं बघितलं.

ठमीला पूर्ण बरं व्हायला अकरा दिवस लागले. नक्की कधी बरी झाली ते मला सांगता येणार नाही कारण मला ते कळलंच नाही. एका दुपारी पाजत होते, हातात फोन, ऑफिसचा मेल वाचत होते, आणि बऱ्याच वेळाने लक्षात आलं की सोडलंच नाहीये तिने. एका दमात. गट गट गट. नाकातून नुसती हलकी फुसफुस. मी फोन उलटा ठेवला. मीठपाण्याची बाटली अर्धी उरली होती, ती तशीच खिडकीत आहे.

तो मेल होता रुजू व्हायच्या तारखेचा. सव्वीस आठवडे संपत आले. म्हणून त्या शनिवारी आम्ही पाळणाघर बघायला गेलो, सासूबाई गावी जाणार होत्या मार्चमध्ये, शेतीची कामं आहेत त्यांची, त्यांना किती अडवायचं. पाळणाघर चांगलं आहे, स्वच्छ, ताई बोलायला मोकळ्या. मी विचारलं मुलं आजारी पडतात का हो फार? ताई म्हणाल्या, ‘‘खोटं कशाला बोलू, पहिलं वर्ष सर्दीचंच असतं.’’ हे मी वाचलेलंच होतं. पहिल्या दोन वर्षांत वर्षाला आठ-दहा सर्द्या सहज होतात, कारण सर्दी करणारे विषाणू दोनशेच्या वर आहेत आणि तिची ओळख आत्ताशी एकाशी झालीये. मी मनातल्या मनात हिशेब करत होते, अकरा दिवस गुणिले आठ. सासूबाई जाताना माळ तर घेऊन जाणार.

तेवढ्यात कोपऱ्यातून दीड-दोन वर्षांचा एक गुबगुबीत मुलगा डुलत डुलत आला, नाकाखाली दोन धारा, वाळलेल्या आणि त्यावर ताज्या. माझ्यासमोर उभा राहिला. ठमीकडे बघितलं. स्वतःचं नाक पूर्ण हाताने पुसलं आणि तोच हात पुढे केला. मी मागे सरकायच्या आत ह्या बयेने त्याचं बोट पकडलं, नीट निरखून पाहिलं, आणि तोंडात घातलं.